कॅमेरा बंद का होता?

मुस्लिम समाजाला शिक्षणाची आवडच नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की त्याला पुरावा मागावा असेही कुणाला वाटत नाही. आता तर बोलणाऱ्यांच्या हाती आकडाही आला आहे. केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार 2019-20 मध्ये देशात सुमारे 21 लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. 2020-21 मध्ये ते 19 लाख 21 हजारांवर आले. एका वर्षात आठ टक्के घट! महाराष्ट्रातली घटही जवळपास तेवढीच.

पण ते वर्ष कोणते होते? महाविद्यालयांना कुलूप होते आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरत होता. राष्ट्रीय नमुना पाहणीने 2017-18 मध्येच सांगितले होते की देशातल्या जेमतेम 24 टक्के घरांत इंटरनेटची सोय आहे, ग्रामीण भागात तर 15 टक्केच. हे ठाऊक असूनही अभ्यासक्रम पडद्यावर ढकलला गेला.

मी तेव्हा शिकवत होतो. आमच्याकडे फर्मान निघाले, कॅमेरा चालू नसेल तर हजेरी नाही. मी बैठकीत विरोध केला, तेव्हा उत्तर मिळाले, "मुलं झोपा काढतात, सर." काढत असतीलही. पण दहा बाय पंधराच्या खोलीत सहा माणसे राहतात. एका कोपऱ्यात आजारी दादी, दुसऱ्या कोपऱ्यात गॅसची शेगडी, अम्मी घरच्या कपड्यांत कामात. अशा घरातल्या मुलीने कॅमेरा चालू करायचा म्हणजे साऱ्या वर्गाला घरात बोलवायचे. याला शिस्त म्हणत नाहीत, ही गरिबाच्या घराची झडती आहे.

कुणी म्हणेल, गरीब तर सगळेच होते, मग त्याच वर्षी अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या वाढली कशी? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की त्या समाजांनी लढून मिळवलेले आरक्षण, फीसवलत आणि वसतिगृहे त्यांच्या पाठीशी थोडीफार तरी उभी होती. मुस्लिमांपैकी जे या यादीत नाहीत, त्यांच्या पाठीशी काय होते? मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग थांबले, रिक्षा थांबली, हातगाडी थांबली. मुलगा कॉलेज सोडून कामाच्या शोधात निघाला. त्या सर्वेक्षणात मुस्लिम विद्यार्थ्यांत निम्म्या मुली होत्या, म्हणजे मुलींना घरात कोंडल्यामुळे ही घट झाली, हा नेहमीचा आरोपही टिकत नाही. आणि या घटीवर सरकारचा इलाज काय? डिसेंबर 2022 मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद!

मात्र सगळे खापर सरकारवर फोडून आपण सुटत नाही. घरात एकच फोन असला तर तो आधी भावाच्या हातात जात होता. पन्नास माणसांत निकाह उरकतो, खर्च वाचतो, असा हिशेब करून शिकत्या मुलींची लग्ने लावली गेली. मशिदींची दालने महिनोन्‌महिने रिकामी होती. निर्बंध सैल झाल्यावर अंतर राखून तिथे दहा मुलांना बसायला जागा आणि वायफाय द्यायला कुणी अडवले होते? जकातीतून शिधा वाटला, चांगले केले. त्याच मोहल्ल्यातल्या गरजू मुलीला एक फोन देणे मात्र आपल्याला सुचले नाही.

हे जुने उगाळतो आहे असे वाटेल. तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून ऑनलाइन करता येतात. साथ गेली, पडदा राहिला. आता तरी प्रत्येक महाविद्यालयाने संगणक कक्ष संध्याकाळी उघडे ठेवावेत, व्याख्याने ध्वनिमुद्रित करून द्यावीत आणि कॅमेऱ्यावरून हजेरी घेणे थांबवावे. प्रत्येक मोहल्ल्याने एक तरी अभ्यासिका उभारावी.

एवढे करा, आणि मग विचारा की मुस्लिम मुलांना शिकायची आवड आहे का.