विश्लेषण : अणुयुद्धाच्या भीतीतून आलेला ‘डिसीट’ अल्बम महत्त्वाचा का?

घरातली दारे काढून भिंतीला तिरकी लावा, त्यांवर मातीच्या पिशव्या रचा आणि खाली आसरा घ्या. अणुबॉम्ब पडल्यास काय करावे, याचा हा सल्ला ब्रिटिश सरकारने १९८० मध्ये ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ या पुस्तिकेतून दिला. पुढच्याच वर्षी लंडनच्या ‘धिस हीट’ या बँडचा ‘डिसीट’ आला. नावाचा अर्थ : फसवणूक.

पंकनंतर काय?

पंकने १९७६-७७ मध्ये राग व्यक्त केला, पण गाण्याचा साचा जुनाच ठेवला. त्यानंतरच्या पोस्ट-पंक बँडनी साचाच मोडायला घेतला. त्यात चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलेन आणि गॅरेथ विल्यम्स हे त्रिकूट सर्वांत धाडसी म्हणावे लागेल. ब्रिक्स्टनमधील मांसाच्या जुन्या शीतगृहाचा त्यांनी स्टुडिओ केला. विल्यम्सला वादनाचे शिक्षण नव्हते. त्याच्या अनघड हाताचा बँडने उपयोगच करून घेतला. ध्वनिफिती कापून, जोडून, फिरवून ते संगीत रचत. संगणकाआधीच्या काळातले हे काम, म्हणजे हातात फीत आणि ब्लेड!

फसवणूक कोणाची?

युद्धविरोधी गाणी त्या काळी कमी नव्हती. पण ‘डिसीट’ घोषणा देत नाही, तो सत्तेची भाषा ऐकवतो. ‘स्लीप’ हे पहिले गाणे अंगाईसारखे हळुवार. त्यातली गुंगी मात्र जाहिरातींची. ‘इंडिपेंडन्स’मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील शब्द जपासारखे गायले जातात. गाता गाता त्यांचा अर्थ निसटत जातो, आणि हेच या अल्बमचे खरे यश. सरकारी पुस्तिकेतला धीराचा सूर लोकांना झोपवण्यासाठी आहे, हे बँडने अंगाईतूनच दाखवले. शेवटच्या रचनेचे नाव अणुहल्ल्यातून वाचलेल्यांसाठीच्या ‘हिबाकुशा’ या जपानी शब्दावर बेतले आहे.

पुढे काय झाले?

बँड लवकरच थांबला. विल्यम्स थेट केरळला कथकली शिकायला गेला. २००१ मध्ये त्याचे निधन झाले. उरलेले दोघे २०१६ मध्ये ‘धिस इज नॉट धिस हीट’ या नावाने पुन्हा मंचावर आले.

ऐकायचा असेल तर फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. ढोलांमागे दबलेले आवाज त्याशिवाय कळत नाहीत.