आधीं डोंगर, मग रूळ

घरांतील एका खोलींत आगगाडीची प्रतिकृति मांडण्याचा छंद खर्चिक व निरुपयोगी आहे, असें पुष्कळ पालकांस वाटतें. दुकानांतून पेटी आणावी, रुळांचें वर्तुळ जोडावें आणि गाडी गरगर फिरवीत बसावें, एवढेंच त्याचें स्वरूप असेल तर हा आक्षेप रास्त आहे. तें वर्तुळ चार दिवसांत शिळें होतें. परंतु आपल्याच मुलखांतील मार्ग आंखण्याचें मनावर घेतल्यास हाच खेळ उत्तम गुरु होतो, असें आमचें मत आहे.

दासगांवच्या शेजारच्या वीर स्थानकाचें उदाहरण घेऊं. १९९३ मध्यें रोह्यापासून येथपर्यंत कोंकण रेल्वेचा मार्ग खुला झाला. या रेल्वेच्या आंखणींत वळणाची त्रिज्या निदान १२५० मीटर, व चढ १५० फुटांस फार तर १ फूट, असा नियम ठेविला होता. जगांत रूढ असलेल्या ८७ स १ या प्रमाणानें तें वळण मांडूं गेल्यास त्रिज्याच सुमारें ४७ फूट होते. आणि एक रूळ दुसऱ्यावरून नेण्यासाठीं ३ इंच चढावयाचें, तर साडेसदतीस फूट लांबी लागते. आपली खोली मात्र १२ फूट लांब व १० फूट रुंद! तेव्हां वळणें आवळावीं लागणार, चढ वाढवावा लागणार, आणि एक स्थानक, एक पूल व एक बोगदा यांवर संतोष मानावा लागणार. काय ठेवावें व काय सोडावें हें ठरवितांना जें त्रैराशिक मुलें करितात, तें जन्मभर विसरत नाहींत.

रूळ मात्र शेवटीं घालावे. आधीं भूमि घडवावी, असा आमचा आग्रह आहे. फळीवर प्रथम सावित्री नदीचें पात्र आंखावें व तिच्या कांठीं दासगांवचें बंदर ठेवावें. डिसेंबर १९२७ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठीं मुंबईहून बोटीनें येऊन याच बंदरीं उतरले होते. नंतर कागदाच्या लगद्याचे डोंगर उभारावे, ओढे कोठून उतरतात तें पाहावें, आणि मार्ग जेथें त्यांना ओलांडील तेथें मोऱ्या सोडाव्या.

हा आग्रह कां? जून २००४ मध्यें करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळें मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली व प्रवासी मृत्युमुखीं पडले. जुलै २००५ च्या अतिवृष्टींत दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते येथें दरडी कोसळून घरें माणसांसह गाडलीं गेलीं. डोंगराचा पायथा उभा कापला कीं वरील मातीचा आधार जातो. पाण्याची वाट बुजविली कीं तें मातींत मुरून तिला जड व सैल करितें. हें ज्ञान बोटांनीं मिळविलेला मुलगा किंवा मुलगी उद्यां इंजिनिअर होवो वा ग्रामपंचायतींत बसो, उतारावर घर किंवा रस्ता बांधण्यापूर्वीं दोनदां विचार करील.

अशा विचारानें मुलें भितील, असें कोणी म्हणेल. परंतु येथील मुलें दर श्रावणांत तोच डोंगर पाहतात; कारण ठाऊक नसतें तेव्हांच भय अधिक वाटतें. कोंकण रेल्वे पावसाळ्यांत वेगळें वेळापत्रक लावून गाड्यांचा वेग कमी करिते. मुलांनींही आपल्या लहानग्या गाडीस तसेंच वेळापत्रक लावावें.

विद्यार्थिमित्रांनो, खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दृष्टांत आपण सर्वांनीं ऐकला आहे. येत्या सुटींत त्याचा पाठ एका फळीवर गिरवा. आणि पालकांनीं खोलीचा एक कोपरा त्यासाठीं आनंदानें मोकळा करून द्यावा.