शासन निर्णयातले 'जर-तर' कोण मोजणार?

हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, पण जिल्हा मध्यवर्ती बँक परभणीचीच राहिली. जुन्या सॉफ्टवेअरचेही असेच असते. चालते आहे ना, मग हात लावू नका!

पण सतत बदलणाऱ्या नियमांना हे चालत नाही. राज्य सरकारची २०१७ ची शेतकरी कर्जमाफी आठवा. दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ. जास्त असेल तर वरची रक्कम आधी भरा. नियमित फेडत असाल तर प्रोत्साहनपर रक्कम. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुले. प्राप्तिकर भरणारा बाद. सरकारी नोकर असेल तर बाद, पण चतुर्थ श्रेणीतला असेल तर चालेल.

हे सगळे नियम शेवटी संगणकाच्या कोडमध्ये 'जर-तर' होऊन उतरतात. टॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये अशा कोडची गुंतागुंत मोजण्याची सोपी रीत सांगितली: निर्णयाच्या जागा, म्हणजे ढोबळमानाने सगळे 'जर', मोजा आणि त्यात एक मिळवा. बेरीज दहाच्या वर गेली की तो तुकडा फोडा. वरच्या नोकराच्या एका ओळीतच दोन 'जर' आहेत, म्हणजे आकडा तीन.

नुसत्या आकड्यावर मात्र भागत नाही. पंचवीस 'जर' असलेला, पण दहा वर्षे कुणी न उघडलेला कोड खुशाल तसाच राहू द्यावा. बारा 'जर' असलेला आणि दर आठवड्याला बदलणारा कोड आधी दुरुस्तीला घ्यावा. कर्जमाफीचे काम या दुसऱ्या जातीचे होते. थकबाकीचा काळ आधी २०१२ पासून धरला, मग २००९ पासून, पुढे थेट २००१ पर्यंत मागे नेला. त्यात बँकांच्या माहितीत एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकरी निघाले. हिंगोलीतल्या सेनगावचा शेतकरी नाव यादीत आहे की नाही, हे विचारत फिरला. शिव्या खाल्ल्या संगणकाने.

डिसेंबर २०१९ च्या कर्जमाफी योजनेने गाठ मुळात सोडवली. कुटुंबाऐवजी व्यक्ती धरली, अर्जच काढून टाकला. बँकेने यादी द्यायची, शेतकऱ्याने आधारने ओळख पटवायची. नोकरदार, प्राप्तिकरवाले हे अपवाद राहिले, तरी फाटे कमी झाले. म्हणूनच 'जर' मोजणारा माणूस मंत्रालयात मसुदा लिहितानाच हवा. सॉफ्टवेअरची निविदा निघाल्यावर त्याला बोलावून उपयोग नाही.

अर्थात, कोड सुटसुटीत करताना त्याचे काम बदलता कामा नये, असा प्रोग्रामरांचा दंडक आहे. इथे ते बदलले. २०१७ मध्ये मर्यादेच्या वरचे पैसे भरून आत यायची वाट होती. २०१९ च्या योजनेत व्याजासह थकबाकी दोन लाखांच्या वर गेली की खातेच अपात्र. एक 'जर' कमी झाला, आणि त्याबरोबर तो शेतकरीही.