मोठी टाकी हवी? आधी आहे त्या टाकीला श्वास घेऊ द्या



गेल्या महिन्याभरात चार सभासद माझ्याकडे एकच मागणी घेऊन आले. जुन्या पिकअपला दुसरी टाकी बसवायची आहे, संस्थेने उचल द्यावी. कारण सगळ्यांचं सारखंच. बेळगाव-कोल्हापूरच्या फेऱ्या वाढल्यात, डिझेल गोव्यात चार पैसे स्वस्त मिळतं, मग जाता-येताचं इथूनच भरून न्यावं. तरीपण कमिटीत मी या मागणीला विरोध करणार आहे. का, ते इथे सगळ्यांसमोर सांगतो. मागून कुणी म्हणायला नको की सचिवाने अर्ज दाबून ठेवला.

आधी आपल्याच गाडीची गोष्ट. गेल्या हंगामात दसऱ्यानंतर संस्थेची पिकअप बांगडा भरून पहाटे बेळगावला निघाली. चोर्ला घाटाच्या चढावर इंजिन बंद पडलं. ड्रायव्हरने हँडपंप मारून एअर काढली, गाडी दोन किलोमीटर चालली, परत बंद. असं चार वेळा. फिल्टर बदलला, तरी तेच. शेवटी एका मेस्त्रीने काही न खोलता फक्त टाकीचं झाकण फिरवलं, तर 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली. त्यानंतर गाडी एका दमात वर चढली. पोचेपर्यंत लिलाव आटोपलेला, बर्फाचं पाणी झालेलं, आणि बांगडा मिळेल त्या भावाला द्यावा लागला.

चूक कुणाची? आमचीच. खारं पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी लावली होती. आणि बंदीच्या दोन महिन्यांत गाडी उभी असताना ब्रीदर पाइपच्या तोंडात गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. म्हणजे टाकीचं नाक आणि तोंड दोन्ही बंद.

गोष्ट साधी आहे. टाकीतून डिझेल जेवढं बाहेर जातं, तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाही आली तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. गाडी थोडा वेळ उभी केली की कुठून तरी हवा झिरपते आणि ती परत चालू होते, म्हणून आपण फिल्टरला आणि पंपाला दोष देत बसतो. पातळ पत्र्याची टाकी तर आत चेपलेली मी पाहिली आहे. उलटही होतं. डिझेल उन्हाने फुगतं. ६० लिटरची टाकी पहाटेच्या गारव्यात गळ्यापर्यंत भरली आणि दुपारी ती २० अंशांनी तापली, तर जवळजवळ एक लिटर जास्त जागा लागते. वाट नसेल तर ते सांध्यातून, होजमधून बाहेर येतं.

आता दुसऱ्या टाकीचा हिशोब बघूया. आपल्या पिकअपची टाकी बहुतेक ४५ ते ६० लिटरची. भरल्या गाडीने घाटात लिटरला १० किलोमीटर दिले तरी ४५ लिटरमध्ये साडेचारशे किलोमीटर होतात. बेळगावला जाऊन-येऊन अडीचशेच्या आतबाहेर. कोल्हापूरची फेरी तेवढी काठावर येते. तिथे परतताना १० लिटर भरले आणि लिटरला पाच रुपये जास्त गेले असं धरलं, तरी पन्नास रुपये. त्यासाठी १०० लिटरची टाकी लावली तर भरल्यावर नुसत्या डिझेलचंच वजन ८० किलोच्या वर. म्हणजे दोनेक क्रेट मासळी कमी घ्यायची, नाहीतर जुन्या पाट्यांवर तेवढा भार वाढवायचा.

आणि टाकी बसवतात कशी, तेही बघितलंय. गल्लीतल्या गॅरेजमध्ये जीआय पत्र्याची पेटी वळवायची, एक नळी जोडायची, झालं. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो, तो डिझेलला चालत नाही. त्यातून चिकट साका होतो आणि फिल्टर, नोझल चोंदतात. आत आडवे पडदे नसले तर वळणावर डिझेल एका बाजूला धावतं आणि इंजिन हवा धरतं. सगळ्यात मोठी चूक रिटर्न लाइनची. डिझेल इंजिन सगळं डिझेल जाळत नाही, उरलेलं गरम डिझेल परत टाकीत सोडतं. ओढायचं नव्या टाकीतून आणि रिटर्न मात्र जुन्या टाकीत, असं झालं तर जुनी टाकी भरून रस्त्यावर वाहणार. मागून येणारी मोटारसायकल त्या डिझेलवर घसरली तर? शिवाय नोंदणीत नसलेला असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला बोट तिथेच ठेवणार.

म्हणून माझं मत असं. दुसऱ्या टाकीला उचल नको. पण कुजलेली टाकी काढून त्याच मापाची, त्याच मॉडेलची चांगली टाकी घालायला आणि ब्रीदर पाइप नवा करायला उचल जरूर द्यावी. आजपर्यंत आपण टायरला, बॅटरीला दिली, टाकीला कधीच दिली नाही. क्रेटमधून गळणारं खारं पाणी रोज त्या टाकीवर आणि तिच्या पट्ट्यांवर पडतं. ती कुजणार नाही तर काय?

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत होडी वर काढतो तसं गाडीकडेही बघा:

१. पंपावर डिझेल भरताना नोझल सारखा कट होतो, डिझेल उलटं उसळतं किंवा झाकण काढताना 'फुस्स' आवाज येतो, तर ब्रीदर चोंदलाय असं समजा.

२. ब्रीदर पाइप टाकीपासून सतत वर चढता असावा. मध्ये झोला पडला की तिथे डिझेल किंवा पाणी साचतं आणि वाट बंद होते. टोक उंचावर, खाली वळवलेलं, त्याला बारीक जाळी. सायलेन्सरजवळ नको, केबिनमध्ये तर नकोच.

३. झाकण हरवलं तर दिसेल ते लावू नका. काही गाड्यांच्या झाकणातच हवेची झडप असते. पिशवी, चिंधी तर अजिबात नको.

४. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा, थोडी जागा सोडा. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळी हवेचं पाणी धरतं, ते तळाला बसून पत्रा खातं. सुरू करण्याआधी तळाचं पाणी काढा.

५. वापरलेल्या टाकीला वेल्डिंग नाही म्हणजे नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत वाफ कोंडलेली असते. पाण्याने धुतली तरी भरवसा धरू नका. टाकी बदला.

हीच गोष्ट होडीवरच्या आउटबोर्डच्या पेट्रोल टाकीची. झाकणावरचा छोटा स्क्रू इंजिन चालवताना उघडा, टाकी गाडीतून नेताना बंद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. तिथे विडी नको.

सभेत माझ्या विरुद्ध बोलायचं असेल तर जरूर बोला. माझा हिशोब कुठे चुकला ते दाखवा, मी अर्ज स्वतः पुढे सरकवीन. पण मोठ्या टाकीवर पैसे घालण्याआधी आज संध्याकाळी एकदा गाडीखाली वाका आणि ब्रीदरचं तोंड उघडं आहे का ते बघा. खर्च काहीच नाही.

आपला,
सचिव