कढईंतलें तेल आणि विहिरीवरचें इंजिन

गेल्या महिन्यांत आमच्या एका आप्तांचें पत्र आलें. त्यांच्या घरीं मार्गशीर्षांत कन्येचें लग्न झालें. चार दिवस भट्टी पेटती होती आणि तळणाचें तीन-साडेतीन डबे तेल उरलें. तें पुन्हां स्वयंपाकांत घेण्यास घरांतील वडील स्त्रियांनीं मनाई केली, व ती योग्यच होती. चिरंजीव यंत्रशास्त्राचे विद्यार्थी. डीझेलसाहेबांचें मूळ इंजिन भुईमुगाच्या तेलासाठींच बांधलें होतें, असें त्यांच्या वाचनांत आलेलें. झालें! तेल गाळून विहिरीवरच्या इंजिनाच्या टाकींत पडूं लागलें. महिनाभर पाणी उत्तम आलें. पुढें काळा धूर, मग सकाळीं हँडल मारतां मारतां हात भरून येणें, आणि अखेर इंजिन ठप्प. आतां पितापुत्रांत अबोला आहे. "दोष कोणाचा, तें आपणच सांगा," असा पत्राचा शेवट आहे.

प्रथम चिरंजीवांच्या वाचनाविषयीं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत ऑटो कंपनीनें एक लहानसें डीझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें, ही गोष्ट खरी. आफ्रिकेंतील वसाहतींत भुईमूग मुबलक, तेव्हां तेथील यंत्रें तेथल्याच तेलावर चालावीं, ही कल्पना फ्रेंच सरकारची. परंतु तें इंजिन बांधलें होतें खनिज तेलासाठीं; त्यांत कसलाही फेरफार केलेला नव्हता, आणि प्रयोग इतका सुरळीत पार पडला कीं, फार थोड्या प्रेक्षकांस त्याचा पत्ता लागला. हें सारें स्वतः रूडोल्फ डीझेल यांनींच १९१२ सालीं सांगून ठेविलें आहे. मात्र प्रदर्शनांत चालणें निराळें आणि विहिरीवर वर्षानुवर्षें चालणें निराळें.

मग बिघडतें काय? डीझेल इंजिनास ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो कीं ती तापून लाल व्हावी, आणि त्या हवेंत नोझलमधून तेलाचा धुक्यासारखा बारीक फवारा उडतो व पेटतो. फवारा बारीक होण्यास तेल पातळ हवें. भुईमुगाचें तेल डीझेलच्या मानानें सुमारें दहापट दाट असतें. त्याचे थेंब मोठे पडतात, पुरते जळत नाहींत, आणि नोझलच्या तोंडाशीं कोळशाचें कवच धरतें. अर्धवट जळलेलें तेल पिस्टनच्या रिंगांत जाऊन बसतें, तेथून खालच्या वंगणांत उतरतें व त्यास दाट, चिकट करून टाकतें. भगिनींस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. तळणाच्या कढईच्या कांठावर जो पिवळट, न निघणारा राप बसतो, तोच येथें इंजिनाच्या पोटांत बसतो. जवस व करडई यांचीं तेलें याबाबतींत अधिक खोडकर. जवसाच्या तेलाचें रोगण होतें तें याच गुणामुळें.

यावर तोड १९३७ सालीं बेल्जममध्यें निघाली. ब्रुसेल्स विद्यापीठांतील शाव्हान यांनीं तेलावर मद्यार्काची क्रिया करून त्याचें पातळ इंधन करण्याचें पेटंट घेतलें, आणि १९३८ सालीं पाम तेलापासून केलेल्या अशा इंधनावर ब्रुसेल्स-लूव्हाँ मार्गावर उतारूंची बसगाडी धांवली. तेलाचा कण म्हणजे ग्लिसरिनच्या एका दांडीस जोडलेल्या तीन लांब शेपट्या. मद्यार्क आणि अल्क यांच्या योगें त्या शेपट्या सुटतात, जड ग्लिसरिन तळाशीं बसतें, आणि वर राहतें तें बायोडीझेल. शंभर किलो तेलामागें सुमारें दहा किलो ग्लिसरिन निघतें. थंडींत ओठांस आपण लावतों तेंच.

ही क्रिया घरीं मात्र करूं नये. हल्लीं यासाठीं मेथॅनॉल वापरतात. तें जहाल विष आहे, डोळे जातात, आणि उजेडांत त्याची ज्योत दिसतही नाहीं. शिवाय तळणाच्या तेलांत पाण्याचा अंश व आम्ल असल्यानें अडाणी हातीं इंधनाऐवजीं साबणच व्हावयाचा.

मग ताजें तेलच कां घेऊं नये, असें कोणी विचारील. आपला देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो. तें इंजिनांत घालणें म्हणजे ताटांतला घांस चुलींत सारणें होय. मोगली एरंडावर सरकारनें मोठी भिस्त ठेविली होती. २००९ च्या धोरणांत २०१७ पर्यंत डीझेलमध्यें वीस टक्के मिश्रणाचें उद्दिष्ट होतें. पण पडीक जमिनींत, पाण्यावांचून, त्या झाडानें अपेक्षेप्रमाणें बीं दिलें नाहीं. २०१८ च्या धोरणानें २०३० पर्यंत पांच टक्के इतकेंच ठरविलें, आणि आतां ओढा वापरलेल्या तेलाकडे आहे. त्यास दुसरेंही कारण आहे. हेंच तेल स्वस्तांत विकलें जाऊन पुन्हां कोणाच्या तरी भज्यांत जातें. वारंवार तापून ज्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक विकृत द्रव्यें झालीं, तें तेल खाण्यांत वापरण्यास १ जुलै २०१८ पासून कायद्यानें बंदी आहे.

तेव्हां आमच्या आप्तांस उत्तर असें. चिरंजीवांस बोल लावूं नये. त्यांनीं अर्धी गोष्ट वाचली, एवढेंच. नोझल काढून साफ करवावें, रिंगा फिटरकडून तपासाव्या, आणि खालचें वंगण सगळें ओतून नवें भरावें. हें शेवटचें काम विसरूं नये. टाकींत डीझेलच घालावें. उरलेला अर्धा डबा गटारांत ओतूं नये, फेरीवाल्यासही देऊं नये. थंड करून, गाळून, पाण्याचा थेंब लागूं न देतां झांकून ठेवावा, आणि बायोडीझेलसाठीं तेल जमविणाऱ्या परवानाधारक संस्थेची तालुक्याच्या गांवीं चौकशी करावी. ही चौकशी चिरंजीवांकडेच सोंपविली तर अबोलाही सुटेल.