बौद्ध नगरातील परका माणूस

बौद्ध देशात गेलो म्हणजे आपल्याच घरी गेलो, अशी एक गोड समजूत आपल्या समाजात रूढ होऊ पाहत आहे. धम्म स्वीकारल्यावर ज्यांना स्वतःचे गाव पारखे झाले, त्यांच्या मनात अशी ओढ निर्माण व्हावी हे स्वाभाविक आहे. येथे आपण मूठभर. तेथे राजापासून फेरीवाल्यापर्यंत बहुतेक सारे बुद्धाला शरण गेलेले. आता आपली मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी खरोखरच बँकॉकसारख्या नगरात जाऊ लागली आहेत, म्हणून ही समजूत तपासून घेणे जरूर आहे. आमचे मत स्पष्ट आहे. धम्माच्या नात्याने तेथे आपलेपणा लाभेल. हक्क लाभणार नाहीत. या दोन गोष्टी ज्याला वेगळ्या ओळखता येतात, त्याने खुशाल जावे.

आपलेपणा खोटा नाही. पहाटे बँकॉकच्या गल्लीतून भिक्षू अनवाणी पिंडपाताला निघतात. खाद्यपदार्थ विकणारी बाई गाडीमागून पुढे येते, चपला काढते, भात व कालवणाची पिशवी पात्रात ठेवते आणि हात जोडून बसते. डोक्यावरून आगगाडी धावत असते (ती १९९९ साली सुरू झाली), जुने कालवे बुजवून केलेल्या रस्त्यांच्या कडेला काचेचे मनोरे उठत असतात, काल पाहिलेले घर आज जागेवर सापडत नाही. तरी हा पहाटेचा क्रम मोडलेला नाही. सरकारी कागदावर वर्ष लिहितात तेही बुद्धाच्या परिनिर्वाणापासून मोजून. आपले २०२५ ते त्यांचे २५६८. माघी, वैशाखी व आषाढी या तिन्ही पौर्णिमांना कचेऱ्या बंद असतात.

पण नवदीक्षित माणसाला तेथे मिळणारे खरे सुख याहून साधे आहे. त्या देशात माणसाला आडनावाने हाक मारीत नाहीत. आडनाव बाळगणे सक्तीचे झाले तेच मुळी १९१३ च्या कायद्याने. व्यवहारात पहिल्या नावाआधी ‘खुन’ हा आदराचा शब्द लावतात. आपल्या कानाला तो भलताच लागतो, पण दचकू नये. आडनाव ऐकून माणसाची पायरी ठरविण्याची आपल्याकडची विद्या तेथील कोणास अवगत नाही. आडनाव सांगताच ज्याला भाड्याची खोली ‘कालच गेली’ असे ऐकावे लागले आहे, त्यालाच या सुखाची किंमत कळेल.

ती विद्या अवगत असलेले लोक मात्र तेथेही पोहोचले आहेत, आणि ते आपलेच देशबांधव होत. ‘आपण मूळचे कुठले?’ या निरुपद्रवी प्रश्नामागून दुसरा येतो, मग तिसरा, आणि शेवटी आडनाव. हिंदू माणूस जगात पसरला की जात हा जगाचा प्रश्न होईल, हा इशारा डॉ. केतकरांचा आधार देऊन बाबासाहेबांनी १९१६ सालच्या निबंधात नोंदवून ठेवला आहे. अशा वेळी आढेवेढे घेऊ नयेत. ‘मी बौद्ध आहे’ एवढे सांगावे आणि समोरच्याने तोंड फिरवले तर फिरवू द्यावे.

आता हक्कांकडे वळू. थाई माणूस गोऱ्याला ‘फरांग’ म्हणतो. हा आपल्या ‘फिरंगी’चा सख्खा भाऊ. भारतीयास, अरबास, मलायी माणसास तो ‘खॅक’ म्हणतो. शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. पाहुण्याने किती दिवस राहावे हे घरधनी ठरवितो, आणि येथे घरधनी म्हणजे कायदा. दीर्घ मुक्कामाच्या परक्याने दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारास कळवावा लागतो. त्यास जमीन विकत घेता येत नाही. सदनिका घेता येते, तीही इमारतीतील एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या आत. केस कापणे, वाहन हाकणे, प्रवाशांना वाट दाखविणे ही कामे त्याला वर्ज्य आहेत. वाट फो या प्रसिद्ध विहारात थाई माणूस फुकट जातो, परका तिकीट काढून. आपल्यातील काहींना हा अपमान वाटतो. आम्हास तसे वाटत नाही. १९३० साली काळारामाच्या दाराशी आपल्या वाडवडिलांना कोणत्याही मोलाने तिकीट मिळत नव्हते!

दुसरी सावधगिरी धम्माविषयीची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांनी ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतली. त्यास महिनाही झाला नव्हता तोच, ९ नोव्हेंबरला, बँकॉकच्या भर चौकात एका हॉटेलच्या बांधकामातील विघ्ने टळावीत म्हणून चतुर्मुख ब्रह्माची मूर्ती बसविण्यात आली. तेथे आजही बौद्धांच्या हारांचा खच पडतो. यजमानाच्या श्रद्धेची चेष्टा पाहुण्याने करू नये. परंतु ती उचलून घरीही आणू नये.

आणि सर्वांत जड गोष्ट. त्या नगराचे मनोरे बांधतो कोण? बहुतांशी ब्रह्मदेश व कंबोडियातून आलेला मजूर. तोही बौद्ध. तोही सकाळी त्याच भिक्षूंपुढे वाकतो. २८ मार्च २०२५ रोजी ब्रह्मदेशात भूकंप झाला आणि सुमारे हजार किलोमीटरवरच्या बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली एक तीसहून अधिक मजल्यांची इमारत काही क्षणांत बसली. ती सरकारी हिशेब तपासणाऱ्या खात्याची होती, हे विशेष. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यांत ब्रह्मी मजूर होते. अशा मजुरास १९७५ च्या तेथील कामगार कायद्याप्रमाणे स्वतःची संघटना स्थापन करता येत नाही व तिचा पदाधिकारी होता येत नाही. तो अधिकार थाई नागरिकाचा. फार तर दुसऱ्याने काढलेल्या संघटनेत त्याने सभासद व्हावे. कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप घडविणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. विहारांच्या सोनेरी कळसांकडे पाहताना या मजुरावरून आपली नजर घसरता कामा नये.

आपला मुलगा अभियंता म्हणून गेला तरी तो याच कायद्याखाली राहणार आहे, आणि दलालाच्या भरवशावर गेला तर कोणत्याच कायद्याखाली नाही. बँकॉकमध्ये नोकरी म्हणून नेलेल्या कितीतरी तरुणांना सीमेपलीकडे ब्रह्मदेशात कोंडून दूरध्वनीवरून व संगणकावरून लोकांना लुबाडण्याच्या कामास जुंपण्यात आले. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडच्या सरहद्दीवरील मे सोत येथून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलास निरोप देण्यापूर्वी कागद मागून पाहावेत. प्रवासी म्हणून मिळालेल्या शिक्क्यावर तेथे नोकरी करता येत नाही. कामाचा परवाना लागतो, त्यावर मालकाचे नाव व काम लिहिलेले असते. पत्रातले नाव आणि परवान्यातले नाव एकच आहे का ते ताडावे. आणि पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत नव्हे, मुलाच्या स्वतःच्या पेटीत राहील, हे विमानतळावर नव्हे, घरीच बोलून घ्यावे.