ले-आऊट ताब्यात घेण्याआधी



आळंद-उमरगा रस्त्याने जाता-येता कडेच्या वावरात फक्कीच्या पांढऱ्या रेषा, सिमेंटचे खुंट आणि तोंडाशी रंगीत कमान दिसली की समजावे, येथे प्लॉट पडले. काल जेथे तूर उभी होती तेथे आज ‘तीस बाय चाळीस’चे भाव चालतात. आमचा याला विरोध नाही. जुन्या गावठाणात एका वाड्याचे चार वाटे झाले, पोरांची लग्ने झाली, माणसे राहणार कोठे? घरे बांधायलाच हवीत. प्रश्न एवढाच आहे की जी जमीन विकली जाते तिच्या खाली आणि तिच्या कडेला काय केले आहे, हे कोणी पाहते का? आमच्या मते कोणीच पाहत नाही. घेणारा भाव पाहतो, विकणारा खपतो किती ते पाहतो आणि पंचायत कर पाहते.

कागदाच्या बाबतीत आपली माणसे आता हुशार झाली आहेत, हे मान्य केले पाहिजे. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खाली एन.ए. झाले आहे का, अकरा-ई नकाशा आहे का, ई-स्वत्तूचा नमुना ९ आणि ११-अ निघतो का की नुसता ११-ब आहे, हे आता साधा शेतकरीही विचारतो. बँकेत कर्जाची फाईल आली की पहिला हात याच कागदांवर जातो, हे आम्ही रोज पाहतो. ११-ब म्हणजे करापुरती नोंद. तेवढ्यावर मंजूर ले-आऊटमधील प्लॉटासारखे कर्ज मिळेल असे समजू नये. इथपर्यंत ठीक. परंतु कागद पक्का म्हणजे काम पक्के, हा जो समज पसरला आहे तो घातक आहे. मंजुरीच्या नकाशावर रस्ता म्हणजे दोन समांतर रेषा आणि गटार म्हणजे एक तुटक रेषा असते. त्या रेषेत मुरूम किती आणि पाण्याला उतार किती, हे नकाशा पाहून कळत नाही.

आपली जमीन काळी, रेगडी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर वरची माती न काढता नुसती चार बोटे खडी टाकून वर डांबर शिंपडले तर तो रस्ता दोन पावसाळे काढत नाही. वरचा काळा थर काढावा लागतो, मुरमाचा थर देऊन पाणी मारून रोलर फिरवावा लागतो, त्यावर खडी, आणि रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही कडांना उतार. कडेला गटार नसेल तर वरचा सगळा खर्च पाण्यात; कारण रस्ता वरून झिजण्याआधी खालून भिजून खचतो. गटाराचेही तसेच. सांडपाण्याच्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटर राहिला तरच गाळ वाहून जातो. सहा इंची पाइपला त्यासाठी शंभर मीटरला अर्धा-पाऊण मीटर उतार लागतो. हा उतार डोळ्यांनी दिसत नाही, लेव्हल लावूनच कळतो. आणि काँक्रीट? आयएस ४५६ सांगते की साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस ओले ठेवा, कोरड्या गरम हवेत १० दिवस. मिश्र सिमेंट असेल तर किमान १०. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात गटाराच्या भिंती ओतून तिसऱ्या दिवशी फळ्या काढतात आणि पाण्याचा टँकर परत फिरकत नाही. पुढे ती भिंत नखाने खरवडली तरी वाळू गळते.

सर्वांत मोठी चूक ओढ्याची. बाराही महिने कोरडा दिसतो म्हणून ओढ्याच्या काठापर्यंत, कधी पात्रातही प्लॉट आखले जातात, आणि ओलांडायला एक नळकांडे टाकून मोकळे होतात. ऑक्टोबर २०२० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्याची काय अवस्था केली ते आपण पाहिले. भीमा आपल्यापासून लांब असेल, पण तिला पाणी पुरविणारे हे आपले ओढेच आहेत. दहा-वीस मिनिटांच्या ढगफुटीत त्यांना त्यांची जुनी वाट बरोबर आठवते.

आता जरा हिशेब मांडू, कारण हिशेब हा आमचा धंदाच आहे. समजा चार एकरांचा ले-आऊट आहे. रस्ते, मोकळी जागा, नागरी सुविधांची जागा वजा जाता त्यात तीस बाय चाळीसचे सुमारे ८० प्लॉट बसतात. समजा विकासकाने गटार, मुरूम, मोरी यांत मिळून २४ लाख रुपयांचे काम चोरले. प्लॉटमागे ही रक्कम होते ३० हजार. घेताना सगळ्या रकमेत ती कोणाच्या नजरेतही येत नाही. परंतु ले-आऊट पंचायतीच्या ताब्यात गेला की तेच २४ लाख गावाच्या खात्यावर नावे पडतात, आणि तेही वाढून. कारण घरे झाल्यावर गटार खणायचे म्हणजे रस्ता फोडणे, पायऱ्या तोडणे, भांडणे आली. ज्याने तेथे प्लॉट घेतला नाही तोही मग आपल्या करातून तो खर्च भरतो. व्यापारी भाषेत नफा खाजगी आणि घसारा सार्वजनिक.

म्हणून आम्ही म्हणतो, सगळे काही त्या एका दिवशी ठरते ज्या दिवशी पंचायत ले-आऊट ताब्यात घेते. रस्ते, मोकळी जागा आणि नागरी सुविधांची जागा पंचायतीच्या नावे होते, त्यावर सही होते, आणि विकासक मोकळा होतो. कामाच्या प्रगतीनुसार प्लॉट टप्प्याटप्प्याने मोकळे करण्याची पद्धत राज्यात आहे. ती पाळली तर शेवटचे प्लॉट अडकून असल्यामुळे विकासक काम पुरे करतो. एकदा सगळे मोकळे केले की त्याला परत बोलावण्याचे साधन पंचायतीकडे उरत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने ५०० चौरस मीटरवरील प्रकल्पाला नोंदणी आणि घेणाऱ्यांच्या पैशातील ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवण्याची सक्ती केली. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत काम, दर्जा वा सुविधांत दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करण्याची जबाबदारीही टाकली. परंतु ही नोंदणी मुळात नियोजन क्षेत्रातल्या प्रकल्पांना बंधनकारक आहे. त्याबाहेरच्या खेड्यांत प्राधिकरणाने मनावर घेतले तरच. म्हणजे जेथे अभियंता नाही, देखरेख नाही, तेथेच कायद्याचा हातही तोकडा.

दर्जाच्या प्रश्नावर आपल्या भागाने जी किंमत मोजली तिच्याविषयी वेगळे सांगणे न लगे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. किल्लारी, सास्तूर ही काही परकी गावे नव्हेत, आपल्या सोयरिकी तेथे आहेत. त्या वेळच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या पट्ट्यात आला. हजारो माणसे गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली, ज्यांत आरपार जाणारा दगड नव्हता, आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्याखाली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसविली. जमिनीप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली. घरे मजबूत झाली यात शंका नाही. पण आराखडा शहरी वसाहतीचा, सरळ रुंद रस्त्यांचा. गाव कैक पटींनी पसरले, रस्ते, नळ, गटारे यांची लांबी तशीच वाढली, आणि ती सांभाळायची मात्र त्याच लहानशा ग्रामपंचायतीने. दर्जा म्हणजे फक्त रुंदी नव्हे, हे आमच्या अभियंता मित्रांनी तेथे एकदा फिरून पाहावे. जे पंचायतीला सांभाळता येईल तेच मंजूर करावे. आणि भूकंप संपला असेही समजू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यातील गडीकेश्वरची माणसे धक्क्यांमुळे रात्री घराबाहेर काढत होती.

‘पुढे सरकार नियमित करीलच’ असे सांगून प्लॉट विकणारेही आहेत. महाराष्ट्रात २००१ चा गुंठेवारी कायदा झाला, पुढे त्याची मुदत वाढली. इकडे अक्रम-सक्रम योजना २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकली, आणि २०२५ मध्ये शहरांतून बी-खात्याची मोहीम निघाली. या सगळ्यांतून कागद मिळू शकतो. उतार चुकलेले गटार मात्र कोणत्याही शिक्क्याने वाहते होत नाही.

आता आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर प्लॉटाच्या अटी, पंचायतीचा ठराव, ताब्याचा दाखला हे सारे कन्नडमध्ये असते आणि आमच्यातील पुष्कळ वडीलधारी मंडळी, ज्यांनी आयुष्याची शिल्लक त्यात घातली, ती न वाचता अंगठा वा सही करतात. कन्नडशी आमचे वैर नाही. पोरे कन्नड शिकताहेत, शिकावे. पण पैसे देणाऱ्याला कशावर सही केली ते समजले पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज येथे कन्नड, हिंदी वा इंग्रजीत द्यावा लागतो, मराठीत नाही, हे लक्षात ठेवावे. तक्रारीचे निवेदन मात्र घटनेच्या कलम ३५० नुसार मराठीतही देता येते, आणि ‘भाषा चालत नाही’ म्हणून कोणी परत केले तर तसे लेखी मागून घ्यावे. माहिती अधिकार कायदा २००५ केवळ कागदाच्या प्रतीच देत नाही; सार्वजनिक कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही देतो. पंचायतीने ताब्यात घेतलेल्या रस्त्याचा तुकडा आपण मागू शकता!

आमची मागणी ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगी आहे. कोणताही ले-आऊट ताब्यात घेण्याआधी तालुका पंचायतीच्या अभियंत्याने लेव्हल लावून गटारांचा उतार मोजावा. रस्ता दोन ठिकाणी खणून थरांची जाडी लिहावी. ओढ्याची मूळ हद्द भूमापकाकडून दाखवावी. हा तपासणीचा कागद कन्नड व मराठी दोन्ही भाषांत ले-आऊटच्या कमानीवर आणि पंचायतीच्या फलकावर लावावा. निदान एक पावसाळा जाईपर्यंत शेवटचे प्लॉट मोकळे करू नयेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, पीडीओंची आणि सदस्यांची इच्छा लागते. यंदा मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आपला सोयरा असो की सोबती, हे विचारावे आणि उत्तर चारचौघांत घ्यावे.

ठरावाचा मसुदा दोन्ही भाषांत तयार करून मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्यांनी गेल्या दोन वर्षांत प्लॉट घेतला आहे त्यांनी आपल्या खरेदीखताची आणि मंजूर नकाशाची झेरॉक्स घेऊन रविवारी सकाळी यावे. वाचून समजावून सांगण्याची सोय केली आहे.